रील आलं, आणि मी अंगठा पाठवला

शेवंती
शनिवार, रात्री ११.४०

नमस्कार. मी इथे सहसा पाककृती वाचायला येते. लिहिते क्वचितच. आजचा विषय जरा वेगळा आहे.

गेल्या महिन्यातली गोष्ट. रात्री एकच्या सुमाराला फोन किणकिणला. लेकीचा मेसेज. लेक कुठे, तर पलीकडच्या खोलीत. मधे एक भिंत. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मेसेजमध्ये इन्स्टाग्रामचं एक रील होतं. एक मुलगी कॅमेऱ्याकडे बघून नुसती हसतेय आणि तिच्या डोक्यावर एकामागून एक इंग्रजी वाक्यं उमटताहेत. हाय-फंक्शनिंग डिप्रेशनची पाच लक्षणं. मी अर्धवट झोपेत होते. वाटलं, फॉरवर्ड असेल. आमच्या घरच्या ग्रुपवर दिवसाला वीस येतात. त्या सगळ्यांचं मी जे करते तेच केलं. अंगठा पाठवला आणि कूस बदलली.

परवा तिच्या मावशीकडून कळलं की मला कुठलं रील पाठवायचं हे ठरवायला तिला तीन दिवस लागले होते. मावशीला म्हणाली, "आईला सांगितलं मी. तिनं अंगठा पाठवला."

तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. काल धीर करून विचारलं. तर बर्नआउट, ट्रिगर, टॉक्सिक, नर्व्हस सिस्टीम डिसरेग्युलेट झालीय, असं बरंच काही आलं. मी म्हटलं, "अगं पण म्हणजे तुला नक्की होतं काय?" तर गप्प. मग म्हणाली, "मराठीत नाही सांगता येत, आई."

नवरा म्हणतो, फोन काढून घे, आठ दिवसांत सगळं जागेवर येईल. मला तसं वाटत नाही. पण मग काय वाटतं तेही कळत नाही. ही मुलं रील बघून खरंच काही शिकतात का? आणि मी तिला विचारू तरी कोणत्या शब्दांत?

टेकडीवाला
रविवार, सकाळी ७.१५

तुमच्या यजमानांशी सहमत. फोन काढून घ्या. सकाळी सहाला उठवून वेताळ टेकडीवर पाठवा. आम्ही वाड्यात चार भाऊ, दोन खोल्या, एक संडास नऊ बिऱ्हाडांत. डिप्रेशन कुणाला नव्हतं. व्हायला जागाच नव्हती. आता प्रत्येकाला तीन-चार अक्षरांचा एक आजार हवा असतो, नावापुढे डिग्री लावावी तसा.

शनिपार
रविवार, सकाळी ९.०२

काका, वाड्यात डिप्रेशन नव्हतं हे खरं. "तो जरा तिरसट आहे" होतं. आमच्या वाड्यात जिन्याखालच्या खोलीत एक नाना राहायचे. नऊ वर्षं कुणाशी बोलले नाहीत. आम्ही पोरं त्यांना मौनीबुवा म्हणायचो आणि परीक्षेच्या आधी पाया पडायचो.

गवती चहा
रविवार, सकाळी १०.४८

शेवंतीकाकू, मी मानसशास्त्र घेऊन टी.वाय.ला आहे. म्हणजे मी तज्ज्ञ नाही. पण तुमच्या मुलीच्या वयाची आहे, म्हणून लिहितेय.

पहिली गोष्ट, आम्ही हे शोधायला जात नाही. ते येतं. रात्री झोप लागत नसते, एक रील चालून येतं, "तुम्हीसुद्धा मेसेज वाचून उत्तर द्यायचं टाळता का?" टाळतेच की मी. म्हणून ते शेवटपर्यंत बघते. शेवटपर्यंत बघितलं हीच खूण धरून ॲप आणखी दहा आणून टाकतं. आठवड्यात माझं सगळं फीड त्याच विषयाचं. मग वाटायला लागतं की सगळं जग हेच बोलतंय, म्हणजे मलाही हेच असणार.

दुसरी गोष्ट, ही "पाच लक्षणं" कशी लिहिलेली असतात ते बघा. "बाहेरून हसता पण आतून थकलेले असता." कोण नसतं? आम्हाला फोररचा प्रयोग शिकवतात. १९४८ मध्ये बर्ट्रम फोरर या प्राध्यापकानं वर्गातल्या मुलांना प्रत्येकाचं स्वभाववर्णन लिहून दिलं आणि ते किती जुळतं याला पाचपैकी गुण द्यायला सांगितले. सरासरी सव्वाचारच्या वर गेली. मग कळलं की सगळ्यांना एकच कागद दिला होता, आणि त्यातली वाक्यं भविष्याच्या पुस्तकातून उचललेली होती. पेपरातलं राशिभविष्य वाचून माझी आजी "अगदी खरं लिहिलंय हो" म्हणते, ते हेच.

पण काकू, याची दुसरी बाजू पण आहे. माझी एक मैत्रीण अकरावीपासून जेवून झालं की बाथरूममध्ये जाऊन उलटी काढायची. तिला वाटायचं की जगात हे फक्त तीच करते. एका मुलीनं आपली गोष्ट सांगितलेला व्हिडिओ तिनं बघितला, तेव्हा याला नाव आहे आणि याच्यावर उपचार आहेत हे तिला कळलं. ते तिला ना आमच्या बारावीच्या पुस्तकानं सांगितलं, ना घरच्यांनी. त्यामुळे "फोन काढून घ्या"ला माझा विरोध.

आणि काकू, रील पाठवणं म्हणजे आमच्या पिढीचं दार वाजवणं आहे. तोंडानं बोलायचं धाडस नसतं, मग दुसऱ्या कुणाला तरी आपल्या वतीनं बोलायला लावतो. तुमचा अंगठा तिला लागला असेल, पण तिनं दार वाजवलं हे विसरू नका.

मनकवडा
रविवार, दुपारी २.३०

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे, पुण्यातच प्रॅक्टिस करतो. इथे कुणाचं निदान करणार नाही, तशी अपेक्षाही ठेवू नये.

गेल्या चार-पाच वर्षांत ओपीडीत एक फरक पडलाय. पूर्वी विशीतला मुलगा आईबरोबर यायचा. तक्रार काय, तर पित्त, डोकं जड, अंगात ताकद नाही. आमच्याकडे पोचेपर्यंत दोन फिजिशियन, एक ईसीजी, एक एंडोस्कोपी आणि एक मांत्रिक होऊन गेलेला असायचा. आता एकटा येतो, खुर्चीत बसायच्या आधी फोन पुढे करतो. गॅलरीत वीस स्क्रीनशॉट. "सर, मला एडीएचडी आहे." म्हणजे लक्ष न टिकण्याचा, अतिचंचलतेचा विकार. खरं सांगतो, मला हे आवडतं. नाव बहुतेकदा चुकीचं असतं, पण माणूस एकोणतिसाव्या वर्षाऐवजी एकोणिसाव्या वर्षी येतो. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात असं दिसलं होतं की आजारागणिक ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. त्या मानानं चुकीचं नाव घेऊन दारात आलेला पेशंट केव्हाही परवडला.

आता चुकीचं काय होतं ते. एडीएचडीचंच घ्या. लक्ष लागत नाही, वस्तू हरवतात, कामं अर्धवट राहतात, एवढ्यावर निदान होत नाही. वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून लक्षणं दिसायला हवीत. घर, शाळा, मित्र अशा निदान दोन ठिकाणी दिसायला हवीत. आणि त्यानं आयुष्यात खरोखर अडायला हवं. म्हणून मी पाचवी-सहावीची प्रगतिपुस्तकं मागवतो. शिक्षकांचे शेरे कधीकधी माझ्या तपासणीपेक्षा जास्त सांगतात. गेल्या वर्षीपर्यंत उत्तम लक्ष लागत होतं आणि आता पंधरा सेकंदांच्या वर लागत नाही, याची कारणं वेगळी असू शकतात. झोप हे त्यातलं पहिलं.

कॅनडातल्या संशोधकांनी २०२२ मध्ये टिकटॉकवरचे एडीएचडीचे सर्वाधिक बघितले गेलेले १०० व्हिडिओ तपासले. ५२ दिशाभूल करणारे निघाले, २७ स्वानुभवाचे, आणि उपयुक्त माहितीचे २१. टिकटॉक आपल्याकडे जून २०२० पासून बंद आहे, पण त्याच धाटणीचा माल रील आणि शॉर्ट्सवरून येतोच.

शेवंतीताई, "हाय-फंक्शनिंग डिप्रेशन" हे नाव आमच्या कुठल्याही निदानग्रंथात नाही. म्हणून तुमच्या मुलीला काही होत नाही असा अर्थ काढू नका. तिला सापडलेल्यांतलं सगळ्यात जवळचं लेबल तिनं उचललं, इतकंच. आणि एक अगदी रुक्ष सल्ला: हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्या. शाकाहारी घरातली मुलं बी-१२ च्या कमतरतेनं गळून गेलेली मी नेहमी बघतो. ते सांगणारं रील मात्र कुणी बनवत नाही, त्याला लाइक मिळत नाहीत.

टेकडीवाला
रविवार, दुपारी ४.१०

डॉक्टर, तुम्हीच म्हणताय की निम्म्याहून जास्त चुकीचं. मग निम्मं विष असलेली विहीर बुजवायची की पोरांना "चांगलं पाणी तेवढं प्या" सांगायचं?

मनकवडा
रविवार, दुपारी ४.५५

विहीर आपल्या हातात नाही हो. आणि धोका फक्त चुकीच्या माहितीचा नाही. लुसी फोक्स आणि जॅक अँड्र्यूज या दोघांनी २०२३ मध्ये एक अंदाज मांडला. मानसिक आजारांबद्दल बोलणं वाढलं की खऱ्या पेशंटना वाचा फुटते. पण त्याचबरोबर काहीजण रोजच्या काळजीलासुद्धा विकार म्हणून बघायला लागतात, आणि त्या नजरेनं बघत राहिल्यानं ती काळजी वाढते. म्हणजे "मला चिंताविकार आहे" असं एकदा ठरलं की तोंडी परीक्षा टाळायची, टाळली की पुढच्या परीक्षेची भीती आणखी मोठी. हा अंदाज आहे, सिद्धान्त नाही. पण मी असे पेशंट बघितलेत आणि पहिल्या प्रकारचेही. दोन्ही बाकावर शेजारीशेजारी बसलेले असतात.

अनुस्वार
रविवार, रात्री ८.२०

मूळ प्रश्न "मराठीत सांगता येत नाही" हा आहे, आणि त्याच्याकडे कुणी बघायलाच तयार नाही. म्हणून माझ्यासारख्या भाषेच्या किड्याला उतरावं लागतंय.

मराठीत शब्द नाहीत हे साफ खोटं. कोशातले शब्द म्हणाल तर अवसाद, नैराश्य, चिंताविकार आहेत. ते मुलांच्या तोंडात बसत नाहीत हे मान्य, माझ्याही बसत नाहीत. पण बोलीतले? जीव रमत नाही. काही गोड लागत नाही. घर खायला उठतं. जीव घाबराघुबरा होतो. हातपाय गळाले. मन थाऱ्यावर नाही. पोटात खड्डा पडतो. ही आपल्या आज्यांनी वापरून गुळगुळीत केलेली वाक्यं आहेत. डॉक्टरांना विचारा, तपासणीत यातल्या एकेका वाक्याचा किती उपयोग होतो.

आता रीलवरच्या शब्दांचं बघू. गॅसलाइटिंग: आपल्याकडे "वेड्यात काढणे" म्हणतात. इतका तंतोतंत शब्द इंग्रजीतही नाही. ट्रिगर होणे: खपली निघणे. पीपल प्लीजर: होयबा. बर्नआउट: चिपाड होणे. गुऱ्हाळातून निघालेला ऊस डोळ्यांपुढे आणा. ओसीडी: याला मराठीत मंत्रचळ असा अस्सल जुना शब्द आहे. पुन्हा पुन्हा हात धुणे, कडी लावली का ते दहादा बघणे, मनाला पटत नसूनही करत राहणे. "माझं कपाट नीट लावलेलं असतं, आय ॲम सो ओसीडी" म्हणणाऱ्यांनी एकदा "मी किती मंत्रचळी" असं म्हणून बघावं. मजा लगेच उतरेल.

बाउंडरीला मात्र शब्द सापडेना. "मर्यादा" म्हटलं की लग्गेच स्त्रियांनी पाळायची वस्तू होते.

शनिपार
रविवार, रात्री ८.३१

बाउंडरीला पुण्यात शब्द नाही, पाटी आहे. "बेल एकदाच वाजवावी."

गवती चहा
रविवार, रात्री ८.४०

चिपाड!! मी हा आता रोज वापरणार.

पण अनुस्वार, एक सांगू? इंग्रजी शब्द आम्ही ऐटीसाठी वापरतो असं मोठ्यांना वाटतं. तसं नाही. "काही गोड लागत नाही" म्हटलं की आई लगेच रडायला लागते. "आय ॲम लो" म्हटलं की कुणी रडत नाही. इंग्रजी शब्द जरा लांब धरता येतो. गरम पातेलं फडक्यानं धरतो तसा.

निशाचर२३
सोमवार, पहाटे १.५२

दोन दिवस वाचतोय. आज लिहितो.

मी उदगीरकडचा. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहतो, एमपीएससी करतो, हे चौथं वर्ष. दोनदा पूर्व निघाली, मुख्यला थोडक्यात गेली. घरी दीड एकर कोरडवाहू आणि धाकटी बहीण लग्नाची.

मागच्या वर्षी अभ्यासिकेत बसलो होतो. पंखा चालू, समोर पॉलिटीचं पुस्तक. एकदम छातीत धडधड, बोटांना मुंग्या, श्वास पुरेना. वाटलं गेलो. रूममेटनं गाडीवर घालून एका दवाखान्यात नेलं. ईसीजी नॉर्मल. तिथले डॉक्टर म्हणाले, "काही नाही, टेन्शन घेऊ नको." पैसे घेतले, पाठवून दिलं. टेन्शन घेऊ नको म्हणजे काय करू नको ते सांगितलं नाही. पुढच्या आठवड्यात परत तसंच. मग बसमध्ये. मग अभ्यासिकेची पायरी चढायचीच भीती बसली.

एका रात्री यूट्यूबवर मराठीतच टाइप केलं, "छातीत धडधड होते मरणार असे वाटते". एका डॉक्टरचा मराठी व्हिडिओ आला. अठरा मिनिटांचा, मागे साधा पडदा, संगीत नाही काही नाही. त्यांनी सांगितलं की याला पॅनिक अटॅक म्हणतात, दहा मिनिटांच्या आसपास तो शिगेला पोचतो आणि नंतर उतरतो, अंगातली धोक्याची घंटा खोटीच वाजते. मी तो व्हिडिओ गच्चीवर बसून तीनदा बघितला. शेवटी रडलो. चौदा महिन्यांत मला कुणी सांगितलं नव्हतं की मी वेडा नाही.

इथपर्यंत चांगलं झालं. आता पुढचं ऐका. त्या व्हिडिओनंतर दुसरे यायला लागले. एक जण, कोट घातलेला, मागे पुस्तकांचं कपाट. "सात दिवसांत चिंतामुक्ती, गोळ्यांशिवाय." कमेंटमध्ये शेकडो लोक, "सर तुम्ही देव आहात." कोर्स ४,९९९ रुपये. मेसचे पैसे त्यात घातले. काय होतं, तर रोज सकाळी आरशासमोर उभं राहून "मी अधिकारी आहे" एकवीस वेळा म्हणायचं. पाचव्या दिवशी अटॅक आला. ग्रुपवर सांगितलं तर उत्तर आलं, "तुमचा विश्वास कमी पडला." ग्रुपमधून काढूनही टाकलं. दीड महिना एकवेळ वडापावावर काढला.

नंतर अभ्यासिकेच्या नोटीस बोर्डावर टेलीमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ नंबर दिसला. गच्चीवर जाऊन लावला. मला वाटलं, हिंदीत बोलावं लागेल. पलीकडून मॅडम मराठीत बोलल्या. चाळीस मिनिटं. पैसे नाहीत, नाव सांगायची सक्ती नाही. त्यांनी ससूनच्या मानसोपचार ओपीडीत जायला सांगितलं. अजून गेलो नाही.

कारण वडील. फोनवर अंदाज घ्यावा म्हणून म्हटलं, डोक्याच्या डॉक्टरला दाखवावं म्हणतो. ते म्हणाले, "पुण्याला कलेक्टर व्हायला पाठवलं का येरवड्याला जायला?" हसत म्हणाले. पण म्हणाले.

डॉक्टर, केसपेपर केला तर घरी किंवा रूममालकाला कळतं का?

मनकवडा
सोमवार, सकाळी ८.०५

निशाचर, पहिल्यांदा थेट उत्तर. नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं उपचारांची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क तुम्हाला दिलाय. अपवाद आहेत, उदाहरणार्थ कुणाच्या जिवाला धोका असेल तर. पण तुम्ही सज्ञान आहात. तुम्ही नको म्हणालात तर डॉक्टर तुमच्या वडिलांना फोन करून सांगत बसत नाहीत, आणि रूममालकाचा तर संबंधच नाही.

दुसरं, पॅनिकवर उपचार चांगले लागू पडतात. औषधं आहेत, आणि विचार-वर्तनाची थेरपी आहे. त्यात भीतीच्या जागी हळूहळू परत जायला शिकवतात. तुमच्या बाबतीत, अभ्यासिकेच्या पायरीपाशी. आरशासमोर घोषणा देणं त्यात येत नाही.

तिसरं त्या कोटवाल्याबद्दल, सगळ्यांसाठीच. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर मानसोपचारात एमडी, डीएनबी किंवा डिप्लोमा केलेला. औषध डॉक्टरच लिहू शकतो, सायकॉलॉजिस्ट नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असावी लागते. नोंदणी क्रमांक विचारा. खरा माणूस तो सांगताना चिडत नाही. "लाइफ कोच", "माइंड ट्रेनर", "हीलर" या पाट्या कुणीही लावू शकतो. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं आणि जाहिरात क्षेत्राच्या एएससीआय या संस्थेनं सांगितलं की आरोग्यावर सल्ला देणाऱ्या इन्फ्लुएन्सरनं आपली पात्रता दाखवावी. किती जण दाखवतात ते तुमच्या फीडवर बघा. माझी स्वतःची कसोटी अगदी बाळबोध आहे: व्हिडिओच्या शेवटी "डॉक्टरला भेटा" म्हणतो का "लिंक बायोमध्ये आहे" म्हणतो?

आणि येरवड्याचं मनोरुग्णालय. माझ्या शिक्षणातले काही महिने मी तिथे काढलेत, म्हणून हा विनोद मला नेहमीच टोचतो. त्याच आवारात १९८६ मध्ये अनिल आणि अनिता अवचटांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. तिथून बरे होऊन घरी गेलेली माणसं याच शहरात रिक्षा चालवतात, दुकानं सांभाळतात, तुमच्या शेजारी राहतात. वडिलांवर रागावू नका. त्यांना एकच शब्द माहीत आहे, तो त्यांनी वापरला.

गवती चहा
सोमवार, सकाळी ११.२०

निशाचरदादा, तुमच्या कोर्सवाल्याचा व्हिडिओ मला पण आलाय. तोच कोट.

मोठ्या लोकांसाठी सांगते, मराठीत चांगलंही बरंच आहे. ठाण्याच्या आयपीएच या मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थेच्या चॅनेलवर डॉ. आनंद नाडकर्णींचे तासतासभराचे मराठी व्हिडिओ आहेत. विवेकनिष्ठ विचारपद्धती मला वर्गापेक्षा तिथे जास्त कळली. पण ॲपला तासाचा व्हिडिओ नको असतो, तो आपण मुद्दाम शोधावा लागतो. मी तर माझं फीड मुद्दाम बिघडवलंय. "पाच लक्षणं" आलं की "रस नाही" दाबते आणि मांजरांचे व्हिडिओ बघते. दोन आठवड्यांत मांजरं जिंकली.

आणि ती नैराश्यासाठीची नऊ प्रश्नांची चाचणी फिरते ना, पीएचक्यू-९, ती खरी आहे, रीलवाल्यांनी बनवलेली नाही. डॉक्टर, त्याबद्दल सांगा ना.

मनकवडा
सोमवार, दुपारी १.४०

खरी आहे, आम्हीही वापरतो. गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे नऊ प्रश्न, ० ते २७ गुण. साधारण १० च्या पुढे गेलं की कुणाला तरी दाखवावं. दाखवावं, ठरवू नये. तापमापक ताप सांगतो, टायफॉइड की मलेरिया ते सांगत नाही. एकच अपवाद. नववा प्रश्न जगणं नकोसं वाटण्याबद्दल आहे. त्याचं उत्तर शून्य नसेल तर बाकीची बेरीज करत बसू नका. त्याच दिवशी कुणाला तरी सांगा, १४४१६ लावा, जवळचा दवाखाना गाठा.

शेवंतीताई, तुम्हीही लेकीला हे सरळ विचारू शकता. विचारल्यानं तो विचार डोक्यात भरतो ही समजूत चुकीची आहे. बहुतेक मुलांना हायसं वाटतं.

टेकडीवाला
सोमवार, संध्याकाळी ६.३५

माझं मत बदललेलं नाही.

पण वर अनुस्वार यांनी "मंत्रचळ" लिहिलं आहे ते काल रात्री पुन्हा वाचलं. माझा धाकटा भाऊ. हात धुवायचा, धुवायचा, कोपरापर्यंत सालं निघायची. आई म्हणायची, सोवळा आहे हो माझा. आम्ही भाऊ त्याला भटजी म्हणून चिडवायचो. परीक्षेला जायचा आणि पेपर न लिहिता परत यायचा, का तर पेन कुणीतरी हाताळलेलं. शिक्षण सुटलं. आता साठीला आलाय, माझ्याकडेच असतो. अजून नळ वाहतो. पाणीपट्टीवरून मी अजून ओरडतो.

या वयात काही होतं का, डॉक्टर?

मनकवडा
सोमवार, संध्याकाळी ७.०१

होतं, काका. पूर्ण जाईल असं वचन देत नाही. पण नळ बराच वेळ बंद राहील इतपत नक्की प्रयत्न करता येतो. त्यांना घेऊन या, किंवा आधी तुम्ही एकटे या. कुठे यायचं ते व्यक्तिगत निरोपात कळवतो.

शेवंती
बुधवार, रात्री १०.१५

सगळ्यांचे आभार. काय झालं ते सांगते.

सोमवारी रात्री हा धागा मी लेकीलाच वाचून दाखवला. माझा अंगठ्याचा भाग वाचताना आवाज फुटेना, मग तिनंच पुढे वाचला. चिपाडावर खूप हसली. बाउंडरीच्या पाटीचा तर फोटो काढून मैत्रिणींना पाठवला. बोलली मात्र काही नाही.

काल संध्याकाळी भाजी आणायला ॲक्टिव्हावर निघालो, ती मागे. कर्वे रस्त्यावर नेहमीसारखी गर्दी, मेट्रोच्या खांबाखाली अडकलो. आणि मागून म्हणाली, "आई, चिपाड झालंय गं माझं." मी मागे वळले नाही. वळले असते तर ती थांबली असती. मग बोलत राहिली. जानेवारीपासून चित्रं काढलेली नाहीत. सकाळी डोळे उघडले की पहिलं वाटतं, अजून एक दिवस. कॉलेजात हसते, घरी आल्यावर बाथरूमचा नळ सोडून बसते. मला वाटायचं, केस धुतेय. माझ्या डोक्यावर हेल्मेट, त्यामुळे निम्मं ऐकू आलं नाही. दोनदा "काय?" विचारलं, तर तिनं न चिडता परत सांगितलं. नववा प्रश्नही मी तिथेच विचारला. सिग्नल सुटला, मागचे हॉर्न वाजवायला लागले, तरी विचारला. म्हणाली, "तसं नाही गं. पण बरं झालं विचारलंस."

भाजी राहिली. आज रक्त दिलं आहे, रिपोर्ट उद्या. डॉक्टरांची वेळ पुढच्या गुरुवारची मिळाली. नवऱ्याला अजून नीट सांगितलेलं नाही. त्याला कुठलं रील पाठवावं याचा विचार करतेय.

टेकडीवाला
गुरुवार, सकाळी ६.५०

फोन काढून घ्या हे मागे घेत नाही. रात्री अकरानंतर तरी घ्या. सगळ्यांचेच, यजमानांचाही. हॉलमध्ये टोपलीत.

मनकवडा
गुरुवार, सकाळी ८.१२

याला माझं अनुमोदन. लिहून देऊ का प्रिस्क्रिप्शनवर?

निशाचर२३
गुरुवार, रात्री ११.३०

उद्या सकाळी ससूनला जायचं ठरवलंय. दोनदा ठरवून परत फिरलोय, एकदा तर स्टेशनपर्यंत जाऊन. केसपेपर आधी काढायचा असतो ना? आत गेल्यावर कुठे जायचं?

शनिपार
गुरुवार, रात्री ११.३८

मी नारायण पेठेत राहतो. सुट्टी टाकतो. आठला तुझ्या अभ्यासिकेखाली येतो. वर चढू नको, खालीच थांब. केसपेपरच्या खिडकीशी मी उभा राहीन, तू बाकावर बस. मौनीबुवा झालास तरी चालेल, बोलायचं काम मी करतो.

एकच अडचण. हेल्मेट एकच आहे.

निशाचर२३
गुरुवार, रात्री ११.४१

रूममेटचं आहे. आणतो.